स्वभावाचे वीस गुण

शुभा,

फ्युनरल होममध्ये तुझ्याभोवती उभे राहून सगळे एकच वाक्य बोलत होते. "किती शांत दिसतेय ना!" महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षीणबाई बोलल्या, सुधीरच्या ऑफिसातले लोक इंग्रजीतून तेच बोलले, आणि घरात साप आहे म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं तुझ्याकडचा चहा टाळला, त्यासुद्धा डोळ्यांना रुमाल लावून तेच बोलल्या. मी फुलांपाशी उभी होते. इतका संताप आला होता की ओरडून सांगावंसं वाटलं, "अहो, स्थिर म्हणजे शांत नव्हे! आमच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय तसं!" ओरडले नाही. पुण्याची आहे मी. चारचौघांत ओरडत नाही, नंतर लेखी कळवते. म्हणून हे लिहायला बसलेय.

तिथेच वॉल्टर भेटला. आपल्या रेप्टाइल क्लबचा अध्यक्ष, जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस, आणि माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच टाय बांधून आलेला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "आय ॲम सो सॉरी अबाउट शूबा." मग टायची गाठ जरा सैल केली. आणि हळूच विचारलं, स्वभावाच्या कलमाचं काय ठरलं, कारण स्प्रिंग शो जवळ आलाय आणि परीक्षकांना नियम पाठवायचेत. कुणी मराठी माणसाने ऐकलं असतं तर म्हणालं असतं, ही काय वेळ आहे विचारायची! मला मात्र त्या सबंध दुपारी तेवढंच एक बोलणं खरोखर तुझ्याबद्दलचं वाटलं.

पाळीव सापांच्या प्रदर्शनात सापांना गुण कसे द्यायचे याचे नियम तू आणि मी मिळून लिहिले, हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. पुढे मी सांगते की मला सापांची भीती वाटते आणि मी आजवर एकाही सापाला हात लावलेला नाही. मग ते हसायचेही थांबतात.

आपली ओळखच मुळी माझ्या घाबरण्यातून झाली. रेडमंडमधल्या त्या जुन्या अपार्टमेंटात आपण दोघी नव्या होतो. डॉट-कॉमवाल्यांचं दिवाळं वाजून गेलं होतं आणि ज्याची नोकरी टिकली तो तिला धरून गप्प बसला होता. एका गारठलेल्या शनिवारी इमारतीचं हीटिंग बंद पडलं. मी कपडे घेऊन लाँड्री रूममध्ये आले, तर ड्रायरवर गाठ मारलेला एक उशीचा अभ्रा ठेवलेला. कुणीतरी विसरलं असेल म्हणून मी तो उचलून वॉशरमध्ये टाकणार, तेवढ्यात तू कोपऱ्यातून किंचाळलीस, "अगं, ते धुवायचं नाहीये! त्यात ठकी आहे!"

"कोण ठकी?"

"माझी पायथन. घरात थंडी वाजून राहिली तिला, म्हणून इथे आणली."

मी अभ्रा ठेवला आणि शेजारच्या वॉशरवर चढले. कशी चढले ते अजून मला माहीत नाही. तू पोट धरून हसत होतीस. "उतर बाप्पा, ती तुलाच घाबरून राहिली." आणि मग, मी उतरायच्या आत, तू मला बॉल पायथन म्हणजे काय यावर अख्खं लेक्चर दिलंस. हा अजगरांतला लहानखुरा, घाबरला की चावायच्या आधी स्वतःचा चेंडू करून डोकं आत लपवतो, वगैरे. नागपूरच्या कॉलेजात तू प्राणिशास्त्र शिकवत होतीस हे मला नंतर कळलं, पण वॉशरवर बसल्या बसल्या अंदाज आला होता.

इथे अमेरिकेत तू कुठेच शिकवत नव्हतीस. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकोला काम करायची परवानगी नव्हती. सुधीर ऑफिसला जायचा, पाऊस पडत राहायचा, आणि एम.एस्सी.ला पहिली आलेली बाई कूपनं कापत बसायची. तू तक्रार केली नाहीस. फक्त एकदा, कॉस्टकोच्या रांगेत, ट्रॉलीच्या दांड्यावर बोटं आपटत म्हणालीस, "वैजू, मंडळात मी सुधीरची मिसेस आहे. बँकेत पण मी सुधीरची मिसेस आहे. त्या क्लबात मी शुभा आहे, एवढंच." तो क्लब म्हणजे महिन्यातून एकदा कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत जमणारी, सरडे-साप-कासवं पाळणारी दहा-पंधरा माणसं. पण तुला ती माणसं प्रश्न विचारायची आणि तुझं उत्तर शेवटपर्यंत ऐकायची.

क्लबाने स्पर्धा भरवायचं ठरवलं तेव्हा नियम लिहायचं काम तू घेतलंस आणि मला ओढलंस. मी म्हटलं, "मला सापांतलं ओ की ठो कळत नाही." तू म्हणालीस, "म्हणूनच पाहिजे तू. साप कळणाऱ्याला वाटतं, सगळ्यांना सगळं कळते. तू सॉफ्टवेअर टेस्टर आहेस ना? कुठे घोळ होईल ते सांग." तेव्हापासून आपले रविवार तुझ्या स्वयंपाकघरात गेले. तर्रीच्या पोह्यांनी माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय, तू ठकीला खांद्यावर घेऊन येरझारा घालतेयस, आणि मी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, दाराजवळची खुर्ची धरून, कलमं लिहितेय. तब्येतीला चाळीस गुण, रंग आणि नक्षीला पंचवीस, कात नीट अख्खी उतरलेली आहे का याला पंधरा, आणि स्वभावाला वीस. माझी भाषा तुला पुणेरी पाटीसारखी वाटायची. "'सापास विनाकारण बोट लावू नये.' अजून लिही ना, 'एक ते चार साप झोपतो'!"

तुझी एक सवय मला आठवते. ठकीला तिच्या काचेच्या टाकीतून काढायच्या आधी तू चहा करायचीस, कप दोन्ही हातांत धरून बसायचीस, बोलत राहायचीस, आणि चहा पार गार झाला की ठेवून द्यायचीस. दर रविवारी. मी म्हणायची, "अगं, प्यायचा नसतो तर करतेस कशाला? चहापत्ती फुकट येते का?" तू हसून उठायचीस. मला वाटायचं बोलायच्या नादात राहून जातो.

पहिल्या शोला तर आपली फटफजिती झाली. तुला आठवत असेल, मला तर तू गेलीस त्या आठवड्यातही हे आठवून एकदा हसू फुटलं. स्वभावाच्या कलमात आपण लिहिलं होतं: परीक्षकाच्या हातात जो साप शांत राहील त्याला पूर्ण गुण. ठकी परीक्षकाच्या मनगटावरून निघाली ती बाहीत शिरली, परत आली, चष्म्याकडे पाहून जीभ काढली. तिचे निम्मे गुण गेले. मग एका गृहस्थाचा किंगस्नेक आला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, देखणा, आणि हातात दिला तर पट्टा ठेवावा तसा पडून राहिलेला. सगळ्या हॉलने "ऑ" केलं. वीसपैकी वीस, पहिलं बक्षीस, आणि फोटोसाठी वॉल्टरने त्याला हातात घेऊन हीटरपाशी पोज दिली. तू तेवढ्यात माझा दंड घट्ट धरलास. "वैजू, तो शांत नाही. गारठलाय." तुझं वाक्य पुरं होईपर्यंत किंगस्नेकला ऊब लागली आणि त्याने वॉल्टरच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. तो फोटो अजून क्लबाच्या भिंतीवर आहे.

त्या गृहस्थाने साप बर्फाच्या पेटीत, सोड्याच्या कॅनांशेजारी ठेवून आणला होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की गार असला की साप गरीब होतो. लोक त्याला क्लबातून काढा म्हणाले. तू उभी राहिलीस. तुझं इंग्रजी रागात असलं की फार सुंदर व्हायचं. तू म्हणालीस, या माणसाने आपले नियम नीट वाचले आणि आपण जे मागितलं तेच आणून दिलं. आपण निपचित पडलेला साप मागितला होता. घरी जाताना मला म्हणालीस, "माणसाला सोड. कलम दुरुस्त कर."

ते आपण केलं. प्रत्येक साप आधी एकाच ऊबदार टेबलावर अर्धा तास राहील. परीक्षक जिभेची हालचाल बघेल, साप आजूबाजूची चौकशी करतोय का ते बघेल. आणि अगदी वर, मी लिहिलेलं आणि तू दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: स्थिर म्हणजे शांत नव्हे. पुढे आणखी एक-दोन क्लबांनी आपले नियम मागवून घेतले. त्या दिवशी तू मला फोन करून नुसतीच हसत होतीस. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणालीस, "काही नाही. खूप दिवसांनी कुणीतरी माझा पेपर मागितला."

पण स्वभावाच्या कलमावरून आपलं भांडण तिथेच सुरू झालं, आणि ते काही मिटलं नाही. तू म्हणायचीस, स्वभाव तपासताना साप मालकाच्याच हातात हवा. परक्या माणसाच्या हातात सापाची परीक्षा होत नाही, त्या हाताची होते. "हात घाबरला की साप घाबरते. मग गुण कोणाचे कापले तू?" मी म्हणायची, मालक आपल्या सापाला जन्मभर ओळखतो, तो सांभाळून घेणारच. परीक्षा घ्यायची तर परक्याने. लग्नाच्या मुलीला तिच्याच आईने पास केलं तर त्याला काय अर्थ आहे? यावर तू म्हणालीस, "आणि परक्यांनी पास केलं त्याला तरी काय अर्थ आहे? तुला किती जणांनी पाहिलं होतं गं?" मी पोह्यांची बशी सरकवून उठून गेले. तासाभराने तूच आलीस, डब्यात पोहे घेऊन. माफी वगैरे काही नाही. "तर्री कमी टाकली," एवढंच बोललीस.

मग तुझं पोट दुखायला लागलं आणि त्यानंतरचं सगळं फार लवकर झालं. तो भाग मी लिहिणार नाही, तुला तो माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ग्रीन कार्ड आलं की कम्युनिटी कॉलेजात शिकवीन म्हणायचीस. ते रांगेतच राहिलं. याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं दुसऱ्या कशाचं वाटत नाही, आणि हे तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण म्हटलं असतं तर तू मलाच धीर देत बसली असतीस.

शेवटच्या दिवसांत मी दुपारी यायची. आपण आजारावर बोलायचो नाही, कलमावर भांडायचो. तू उशीला टेकून बसायचीस, आवाज बारीक झालेला, पण मुद्दा सोडायची नाहीस. एकदा म्हणालीस, "ठीक आहे. तुझंच कलम ठेव. परक्याच्या हातात तपासा. पण एक अट आहे. आधी तू ठकीला हातात घे, मग लिही."

"मी? मी कशाला? मी काय परीक्षक आहे?"

"कधी पोहायला न गेलेल्या बाईने पोहण्याचे नियम लिहिले तर चालते का?"

"बरी झालीस की घेईन," मी म्हटलं. तू माझ्याकडे पाहून डोळे मिचकावलेस. दोघींनाही कळत होतं की ही माझी पळवाट आहे. वॉल्टर म्हणतो ते कलम तेव्हापासून तसंच अडकून आहे.

परवा सुधीरचा फोन आला. आवाज खोल गेलेला. म्हणाला, "वैजयंती, ठकी खात नाहीये गं. शुभा गेल्यापासून तोंडच लावत नाही. तिला कळलं असेल का?" मी गाडी काढली. पाऊस नेहमीसारखाच, ना धड पडत होता ना थांबत होता. तुझ्या घरात तुझी चप्पल दारात तशीच होती, आणि टाकीवरचा दिवा सुधीरने अगदी वेळेवर लावलेला. हा माणूस तुझ्यासारखाच सापवेडा झाला की काय म्हणून पाहिलं, तर तो टाकीपासून हातभर लांब उभा. "मी आजवर तिला कधी घेतलं नाही," तो म्हणाला. "शुभा घ्यायची ना. मी फक्त दिवा लावायचो." लोक म्हणतात, साप देऊन टाक. तो द्यायला तयार नाही आणि हात लावायलाही तयार नाही.

मी त्याला खरं ते सांगितलं. थंडीत या पायथन महिनोन् महिने उपास करतात, त्यात काही नवीन नाही, शुभानेच सांगितलंय. तूच म्हणायचीस ना, साप माया करत नाही, सवय करतो? सुधीरने मान हलवली. मग म्हणाला, "अच्छा. म्हणजे तिला काही कळलेलं नाही." आणि मटकन खुर्चीत बसला. त्याला धीर द्यायला गेले होते आणि होता तोही काढून घेतला. तुझं शास्त्र खरं असेल, शुभा, पण ते त्या वेळी सांगायला माझ्या जिभेला हाड नव्हतं.

मग काय करणार? मी टाकीचं झाकण उघडलं. वरून झडप घालायची नाही, बाजूने हात न्यायचा, दोन्ही हातांनी अंगाला आधार द्यायचा. हे सगळं मीच लिहिलेलं होतं. ठकी मला वाटलं होतं तशी गिळगिळीत नव्हती, कोरडी होती आणि जड होती. माझे हात पावसातून आल्यामुळे बर्फ झाले होते आणि थरथरत होते. तिने एका क्षणात स्वतःचा चेंडू केला आणि डोकं आत घेतलं. माझ्या कलमाप्रमाणे स्वभावाला वीसपैकी शून्य. तुझ्या खांद्यावरून जन्मभर फिरलेली ठकी.

सुधीर लांबूनच म्हणाला, "ती घाबरलीय की तू?" मी म्हटलं, "दोघी." आणि तिला परत ठेवलं.

काय करावं ते सुचेना, तेव्हा मराठी माणूस जे करतो ते सुधीरने केलं. चहा ठेवला. त्याने कप दिला, मी तो दोन्ही हातांत धरला, आणि बोटांत ऊब शिरायला लागली तशी मी तिथल्या तिथे थिजले. अगं, शुभा! दर रविवारी तू चहा पीत नव्हतीस. तू हात शेकत होतीस. इतकी वर्षं समोर बसून मी चहापत्तीचा हिशेब काढत राहिले, आणि तूही कधी सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? तुझ्यासाठी ते इतकं साधं होतं की सांगायचं सुचलंच नाही, असंच असणार. साप कळणाऱ्याला वाटतं, सगळ्यांना सगळं कळतं!

मी सुधीरला सांगितलं तेव्हा तो रडला. फ्युनरल होममध्ये तो रडला नव्हता. मीही रडले. चहा गार झाला.

मग मी पुन्हा ठकीला घेतलं. या वेळी हात गरम होते, आणि रडून झाल्यामुळे थरथरही कमी झाली होती. तिने पुन्हा चेंडू केला, पण सैल. मी हलले नाही. काही बोलले पण नाही, म्हणजे बघ. बऱ्याच वेळाने चेंडूतून आधी नाक आलं, मग मान, मग जीभ बाहेर आली आणि माझ्या मनगटाला लागली न लागली. सुधीर आपली खुर्ची जराशी पुढे सरकवून म्हणाला, "पुन्हा चहा ठेवतो. मी पण हात शेकतो."

ठकी त्याच्याकडेच राहतेय. पुढच्या रविवारी टाकी साफ करायला मी जाणार आहे. पोहे मी करणार, त्यामुळे ते गोड होतील, इलाज नाही.

अट पाळली आणि मगच कलम लिहिलं. ते असं आहे: स्वभाव तपासताना साप परीक्षकाच्या हातात द्यावा, पण परीक्षकाने त्याआधी गरम पेयाचा कप, तो गार होईपर्यंत, दोन्ही हातांत धरून बसावं. पहिल्या वेळी सापाने चेंडू केला तर गुण कापू नयेत, हात पुन्हा शेकावेत. वॉल्टरला वाचून दाखवलं. त्याने नाक शिंकरलं आणि विचारलं, "कॉफी चालेल का?" मी म्हटलं, चालेल. नियमांवर तुझं नाव पहिलं आहे. नुसतं शुभा. कुणाची मिसेस नाही.

मालकाचा हात की परक्याचा, यात मी माझंच खरं केलंय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पण गुण सापाचे नसून हाताचे असतात हे तुझं म्हणणं मला मान्य आहे, संपूर्ण मान्य आहे. म्हणून त्या दिवशी ठकीने मान वर काढली त्याचे गुण मी तिला दिले नाहीत. ते तुला दिलेत. वीसपैकी एकोणीस. भांडण अर्धवट टाकून उठून गेलीस, त्याचा एक कापलाय. पटत नसेल तर ये आणि भांड.